मला नवरी करू नका

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी मूठ आहे. नेमबाजीच्या रिव्हॉल्वरला धरायला बसवतात ना, तीच. आज मी रागावले आहे, आणि राग गिळून गोड बोलणं मला जमत नाही.

आधी मी कामतघर गावातल्या एका पलंगाचा पाय होते. नेमबाजी शिकणारी मृणाली तेव्हा आपल्या रिव्हॉल्वरसाठी मुठी बघत हिंडत होती. एक इतकी जाड, की बोट चापापर्यंत पोचेना. एक इतकी बारीक, की मनगट वळे. एकीवर बोटांच्या खाचा होत्या, पण दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या! शेवटी रामनाथ मिस्त्रींनी त्या पलंगाच्या पायातून मला तिच्यासाठी कापलं. मग पावसाळाभर एकच खेळ. ती डोळे मिटे, हात उचले, डोळे उघडे. नेम ढळला, की टोचलं तिथे खडूची खूण, खुणेवर कानस. अशी झिजत झिजत मी तिच्या तळव्यात मुरले. घामात निसटू नये म्हणून तिने माझं अंग मुद्दाम खरखरीत ठेवलं. मी काळवंडले, पण तिच्या हाताला कधी फोड येऊ दिला नाही.

मग दसरा आला. दुसऱ्याच दिवशी तिची नेमबाजी संघाची निवड चाचणी. रिव्हॉल्वर कुलपात, म्हणून शस्त्रपूजेला त्यावरून उतरवलेली मी एकटी. तिच्या बाबांनी, केसरीनाथांनी, मला उचललं, धामणकर नाक्यावर नेलं आणि आरशासारखं पॉलिश मारून आणलं. वर सोनेरी वेलबुट्टी!

“मृणाली, बघ गो, नवरीसारखी सजवली हाय!”

“बाबा, काय केलंस हे? उद्या चाचणी आहे माझी!”

“म्हणून त केली. फोटोत चकाकाला नको?”

“घामात निसटेल रे ही!”

“लाकूडच त हाय. त्याला काय कलतंय?”

लाकडाला काय कळतं? मित्रांनो, तिचा अंगठा कुठे दुखतो ते मला कळतं. श्वास कुठे थांबतो तेही. माझा खरखरीतपणा म्हणजे तिची मेहनत होती. ती पुसून वर हळद-कुंकू वाहायचं, याला मी प्रेम म्हणू?

मृणालीने बाबांचा हात पाण्यात बुडवला आणि मला त्यात ठेवलं.

“धर घट्ट.”

तिने हलकेच ओढलं. मी साबणाच्या वडीसारखी सुटले.

केसरीनाथांनी मला तिच्या हातून परत घेतलं. मग म्हणाले, “घासाचा कागद आन गो.”

संध्याकाळभर ते घासत बसले. आपट्याची पानं घेऊन आलेल्यांशीही मान वर न करता बोलले. “आता?” “अजून, बाबा.” “आता?” तिने डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. नेम जागेवर होता.

मृणालीची निवड झाली. शेवटच्या जागेवर, पण झाली. नाक्यावर बाबांनी तिच्या नेम धरतानाच्या फोटोचा हा मोठा बॅनर लावला. त्यात मी कुठेच दिसत नाही. तिच्या बोटांनी मला पुरतं झाकलं आहे. मला तेवढंच हवं होतं.

पण राग अजून गेलेला नाही, बरं का. मित्रांनो, कामाची वस्तू आधी हातात धरून बघा, मग तिचं रूप ठरवा. दसऱ्याला मला झेंडूचं एक फूल पुरे. पॉलिशचा डबा दाराबाहेर ठेवा.