ढोल्याच्या डोळ्यांतलं पाणी

जुन्या थिएटरच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. दारं-खिडक्या बंद, वरून मोठे दिवे रोखलेले आणि त्यांच्या झोतात ढोल्या बसलेला. ढोल्या म्हणजे एका जुन्या भयपटातला दलदलीतला राक्षस, माणसाच्या दुप्पट उंचीचा फोमचा बाहुला. पडद्यावर त्यानं होडीसकट माणसं गिळली होती. आता त्याच्या डोळ्यांच्या खाचांतून तपकिरी, चिकट थेंब गालांवर ओघळत होते आणि लोक हात जोडून उभे होते.

"जवळ या, लेकरांनो, आणखी जवळ या," ढोल्याच्या पायाशी ठाण मांडलेला बाबा घोळवून घोळवून बोलत होता. "तुमची दुःखं ऐकली की याचं काळीज पाझरतं. वास येतोय ना? तो करुणेचा वास आहे. ज्याला घाण वाटते, त्याच्या मनातच घाण."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दुरुस्तीवालीनं नाक दाबलं. सिनेमातले फाटके, झिजलेले बाहुले सांधून प्रदर्शनात मांडायचे, हा तिचा धंदा. तो आंबूस वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता, कुजलेल्या फोमचा. ढोल्याही थिएटरच्या मालकानं तिच्याकडेच दुरुस्तीला दिला होता. पण दोन तुकडे झालेल्या ढोल्याचं पुढचं धड दालनात मांडलं, त्याच्या डोळ्यांतून पाणी आल्याचा गवगवा झाला आणि मालकाची दुरुस्तीची घाई संपली. लोकांना याला हात लावू देऊ नका, हे तिनं त्याला परोपरीनं सांगितलं. लोकांच्या श्रद्धेत आपण कशाला नाक खुपसायचं, म्हणत त्यानं हात झटकले.

एरवी ती चडफडत घरी गेली असती. पण आज रांगेत तिची धाकटी बहीण होती, कडेवर लेक घेऊन. पोरीचा डावा डोळा सुजून लालभडक झाला होता. बुबुळावर जखम आहे, औषध चुकलं तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबानं मात्र औषध बंद करायला लावलं. दोन-दोन उपचार केले की म्हणे ढोल्या रुसतो! ही शिकलीसवरलेली बाई, आणि राक्षस रुसेल म्हणून पोरीचं औषध फेकून मोकळी झाली होती.

बहिणीनं त्या थेंबात बोट बुडवलं तशी पोर अंग चोरून म्हणाली, "मावशी, ते डोळ्यात खूप झोंबतं."

दुरुस्तीवालीनं पुढे होऊन बहिणीचं मनगट धरलं.

"ताई, सोड," बहीण म्हणाली. "तुझा विश्वास नसेल तर बाजूला हो. माझ्या पोरीच्या डोळ्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच सांगते. मी येईपर्यंत लावू नकोस. एवढं ऐक."

ढोल्याचा मागचा अर्धा भाग मागच्या थंड खोलीत दुरुस्तीविना पडून होता. तिनं ते बूड शेपटीसकट ढकलगाडीवर घातलं, दालनात आणलं आणि दिव्यांखाली उभं केलं. लोक कुरकुरले. बाबाचं आख्यान चालूच राहिलं. धग लागत गेली आणि शेपटीखालून तोच तपकिरी थेंब फुगून खाली ओघळला. त्यामागून दुसरा आला.

"वरून येतात ते अश्रू," तिनं विचारलं, "मग या खालच्याला काय म्हणायचं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. तिनं दिवे मालवले, खिडक्या सताड उघडल्या आणि समजावून सांगितलं. फोम जुना झाला की हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतो, त्याला चिकट पाझर सुटतो. ठेवणीतल्या बुटांचे तळ कपाटात पडल्या पडल्या चिकट होतात, त्यांचा भुगा पडतो, तसलाच हा प्रकार. दिव्यांची आणि गर्दीची धग मिळाली की तो पाझर पातळ होऊन वाहतो. बाबाला बंद दारं आणि दाटीवाटी लागायची ती यासाठी. ती बोलत होती तोवर दालन निवलं, आणि वरचे-खालचे दोन्ही थेंब जागच्या जागी घट्ट होऊन लोंबकळत राहिले.

बाबानं दोन्ही हात उंचावले. "पाहिलंत? आज सर्वांगातून करुणा प्रकटली!"

आणि कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी रुमालाच्या घडीनं शेपटीखालचा थेंब टिपला आणि डोळे मिटून ती घडी कपाळाला लावली. त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं सरसावले. दुरुस्तीवालीला बाबाचं नवल वाटलं नाही, तो पोटासाठी थापा मारत होता. पण त्या रुमालाकडे पाहून तिला शिसारी आली.

बहीणही तिकडेच बघत होती. मग तिनं स्वतःचं बोट पाहिलं आणि ते भिंतीवर खसाखसा घासलं.

"ताई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर आत्ता भेटतील का गं?"

भेटले. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं पोरीला आता फळ्यावरची अक्षरं दिसत नाहीत, आणि हे नुकसान ढोल्यासारखं सांधून मिळत नाही.

तेव्हा कुठे काही पाझरताना दिसलं तर हात जोडण्याआधी ते कशानं पाझरतं, हे विचारा. विचारलं म्हणून कोणी चिडलं, तर तिथून लेकरांना घेऊन निघा आणि थेट दवाखान्यात जा.