दोघांच्या काड्या

होणाऱ्या जावयाच्या, कोहेइच्या मामांनी मांसाचा तिसरा तुकडा करपवला, तेव्हा आमच्या ह्यांनी डोळेच मिटून घेतले. मी टेबलाखालून पायाने ढोसलं. उघडले बिचाऱ्यांनी.

खानावळीतल्या टेबलाच्या मधोमध मातीची शेगडी, तिच्यावर जाळी, वर धूर ओढणारं नळकांडं. एका बाजूला आम्ही तिघं, समोर मुलाकडचे तिघं. दुसऱ्या गावांत सोयरीक जुळली की लोक भारीतल्या जागी किमोनो घालून अवघडून बसतात. आमच्या कितामीत माणसं शेगडीभोवतीच एकमेकांची होतात. मुलाच्या आईनेच निरोप धाडला होता, की शनिवारी दुपारी या आणि धूर लागला तरी चालेल असे कपडे घाला. मला बाई आवडला होता तो निरोप.

मामांनी मात्र बसल्याबसल्या चिमटा ताब्यात घेतला होता आणि तो काही कुणाला देईनात. माणूस मनमोकळा, बंदरावर मासळीच्या लिलावात बोली पुकारणारा, पण आगीशी त्याचं सात जन्मांचं वैर असावं. कोळसे सगळे एका कोपऱ्यात ढकललेले. त्यामुळे अर्धं मांस कच्चं आणि अर्धं कोळशासारखंच. आणि समोर आमचे हे, ज्यांना नुसत्या रंगावरून आग कळते, ते हात मांडीवर ठेवून बसलेले. मीच बजावलं होतं, चिमट्याला हात लावायचा नाही आणि आगीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

कारण आमचे हे दहनगृहात भट्टीवर काम करतात. एकोणतीस वर्षं झाली. गावातल्या कितीतरी घरांतली माणसं ह्यांच्या हातून गेली, आणि त्या घरांतले लोक रस्त्यात ह्यांना बघून दुसरीकडे बघतात. राग नाही हो कुणाचा, पण नकोसं होतं त्यांना. चार वर्षांपूर्वी आमच्या चिनात्सुचं एका ठिकाणी ठरत आलं होतं. बापाचं काम कळलं आणि आठ दिवसांत पत्र आलं. अक्षर सुंदर होतं, कारण काही दिलं नव्हतं. पोरगी रडली नाही, पण त्यानंतर तिने घरी कुणाचं नाव काढलं नाही ते थेट ह्या कोहेइपर्यंत.

म्हणून ह्या वेळी मी ठरवलं. तोमोएबाईंनी, म्हणजे कोहेइच्या आईने, फोनवर विचारलं तेव्हा नगरपालिकेत असतात म्हणून सांगितलं. खोटं कुठे होतं? पगार नगरपालिकाच देते. कुठल्या खात्यात, म्हणाल्या. नागरिकांच्या, म्हटलं मी. कोहेइला सगळं ठाऊक होतं, त्यालाही मी गप्प बसवलं. चिनात्सु म्हणत होती, लग्नाआधी सांगू. मी म्हणत होते, लग्नानंतर. हे काहीच म्हणत नव्हते, आणि तेच मला जास्त लागत होतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं चाललं होतं. कुणी साधं काही विचारलं तरी मी उगाच ताटल्या सरकवायला लागायचे. तोमोएबाई लहानखुऱ्या, विधवा, हळू बोलणाऱ्या. त्यांनी सहज ह्यांना विचारलं, तुमच्या खात्यात गर्दी असते का फार? ह्यांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की असते, थंडीत जास्त. मला ठसकाच लागला. चिनात्सु खाली मान घालून भातात बघत बसली.

आणि मग ते झालं. मामांनी मिठात मुरवलेल्या आतड्याचा एक तुकडा तोमोएबाईंकडे सरकवला. त्यांनी तो जेवायच्या काड्यांनी उचलला, पण त्यांचा हात कापतो, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. तुकडा बुळबुळीत, निसटून निखाऱ्यात पडणार, तोच समोरून ह्यांच्या काड्या गेल्या आणि खालून अलगद लागल्या. डावा हात ओंजळीसारखा त्याच्याखाली. आवाज एकदम वेगळा, घरात मी कधी न ऐकलेला.

"धरलंय मी. सोडलंत तरी चालेल."

मामांचा चिमटा हवेतच राहिला. दोघांच्या काड्या एका तुकड्याला. आमच्याकडे लहान पोरालाही त्यासाठी फटका बसतो, कारण तसं फक्त एकदाच करायचं असतं, आपलं माणूस जळून गेल्यावर त्याच्या अस्थी उचलताना. जेवणात ते अभद्र. आणि ते केलं कुणी, तर ह्यांनी! एकोणतीस वर्षं म्हाताऱ्यांचे कापते हात सावरून सावरून हाताला सवयच लागलेली.

तोमोएबाईंनी काड्या काढल्या नाहीत. तुकडा तसाच दोघांच्या मध्ये, आणि त्या ह्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुम्ही दहनगृहात असता ना?" त्यांनी विचारलं.

मी घाईघाईने नगरपालिका, नागरिक असं काहीतरी सुरू केलं. ह्यांनी मला हाताने थांबवलं.

"भट्टीवर असतो. बायकोने लपवलं ते माझ्यासाठी. पण लपायला मी कबूल झालो, तेव्हा चूक माझी."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं. मामांनी चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, आता उठतात. चिनात्सुकडे बघायची माझी छाती होईना. पोरीचं घर मी माझ्या हाताने मोडलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तोमोएबाईंनी तुकडा सावकाश आपल्या ताटलीत घेतला. मग बोलल्या. सहा हिवाळ्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले, किनाऱ्याकडच्या गावात. अस्थी उचलायच्या तर हात असा कापायला लागला की एकही उचलेना. नातेवाईक घड्याळं बघत होते. तेव्हा तिथल्या दहनगृहातल्या माणसाने काड्यांनी दुसरी बाजू धरली आणि सगळ्यात शेवटी उचलायच्या गळ्याच्या अस्थीपर्यंत सगळं त्यांच्याकडून करवून घेतलं.

"'धरलंय मी', असंच म्हणाला होता तो," त्या म्हणाल्या. "त्याचे आभार मानायचे राहिले. दोनदा फाटकापर्यंत गेले आणि परत आले. लोक काय म्हणतील, असं वाटलं मला. त्याने माझ्या माणसाला हात लावला होता, आणि मला फाटक ओलांडायची लाज वाटली."

एवढं बोलून त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकले आणि ह्यांच्यासमोर कपाळ टेकेपर्यंत वाकल्या. हेही वाकले, आणि ह्यांचा चष्मा वाटीतल्या रश्श्यात पडला.

आधी कोहेइ हसला, मग चिनात्सु हसता हसता रडली. चार वर्षांचं रडणं ते, एकदाचं आलं. माझा जीव भांड्यात पडला आणि मला एकदम कडकडून भूक लागली. सकाळपासून मी पाणीसुद्धा नीट प्यायले नव्हते.

"म्हणजे हा माणूस मघापासून मला करपवताना बघतोय," मामा म्हणाले, "आणि तोंडातून ब्र नाही?"

"चौथा तुकडा वाचला असता," हे चष्मा पुसत म्हणाले. मामांनी चिमटा ह्यांच्याकडे भिरकावलाच.

मग काय, ह्यांनी कोळसे पसरले, मधले जरा उचलून कडेला लावले, जाळी तिरकी केली. दोन मिनिटांत शेगडीचा सूरच बदलला. पहिला तुकडा मामांना, दुसरा मला. मी बेशरमासारखी खात सुटले. मामा लिलावातल्या आवाजात प्रत्येक तुकड्याला बोली लावू लागले आणि शेजारची टेबलं वळून बघायला लागली.

तोमोएबाई ह्यांच्या हाताकडे बघत होत्या. नोकरी अजून किती वर्षं आहे, त्यांनी विचारलं. चार, हे म्हणाले.

"चारच? मग मला घाई करायला हवी. माझ्या वेळी तुम्हीच हवे आहात."

मी गपकन घास गिळला. हे मात्र हसले, मोकळं, लोकांत मी त्यांना तसं हसताना पाहिलंच नव्हतं.

"तुमच्यासाठी सुट्टीतून येईन. आधी जेवा," म्हणाले, आणि बेताचा भाजलेला एक तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला.

त्यांनी तो खाल्ला, आणि ताटली पुन्हा पुढे केली.