उवा नसलेल्याची नोकरी

आमच्या संस्थेत माकडांच्या समाजजीवनाचा अभ्यास चालतो. कोण कोणाच्या उवा काढतं आणि किती मिनिटं काढतं, हे जाळीबाहेर बसून टिपायचं काम माझं. अकरा वर्षं टिपलं. त्यातून साहेबांनी सिद्धांत काढला, की ज्याच्या केसांना कळपात कोणी हात लावत नाही, तो फार दिवस कळपात टिकत नाही. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी तो सिद्धांत आमच्यावरच लावला.

फर्मान निघालं. कामातून वेळ काढून सर्वांनी एकमेकांची डोकी पाहायची. पाच मिनिटांखालची नोंद धरणार नाही. महिनाअखेर ज्याच्या नावापुढे शून्य, त्याला नारळ. अपवाद कोणालाही नाही. खाली साहेबांची सही.

पहिल्या दिवशी सगळे फिदीफिदी हसले. चौथ्या दिवशी टायपिस्टबाईंच्या लांब केसांमागे रांग लागली. गाडी लावण्याच्या जागेवरून ज्या दोघांचं हाडवैर होतं, ते एकमेकांच्या कोंड्याचं कौतुक करू लागले. मीही दिसेल त्याचं डोकं मन लावून पाहत होतो, पण माझं कोण पाहणार? माझं टक्कल तुळतुळीत.

"शोधायचं काय, अन् कुठे?" असं म्हणून स्टोअरकीपर दुसरीकडे वळला. असा संताप आला! अकरा वर्षं या माणसाबरोबर डबा खाल्ला होता मी.

"एखादी ऊ तरी असायला हवी होती हो तुमच्या नशिबात," बायको हताशपणे म्हणाली.

शेवटच्या दिवशी नोंदवहीत दोनच शून्यं उरली. एक माझं आणि एक साहेबांचं. त्यांच्या डोक्याला हात लावायची कोणाची छातीच झाली नव्हती.

पाचला बारा कमी असताना साहेब माझ्या टेबलाशी आले. मागोमाग वही घेऊन नोंदणीबाई.

"पाच मिनिटं तू माझं बघ, पाच मिनिटं मी तुझं बघतो," साहेब म्हणाले आणि पुढ्यातल्या बुटक्या स्टुलावर पाठमोरे बसले.

मी केसांत बोटं घातली तसे ते दचकले. मग हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले.

"आई गेल्यापासून कोणी..." ते पुटपुटले. पाहतो तर साहेब झोपलेले.

बाईंनी त्यांच्या नावापुढे पाच मिनिटं लिहिली. "आता तुमची पाळी. उठवा त्यांना."

"तुम्हीच लावा ना हात माझ्या डोक्याला."

"निरीक्षकानं कळपात हात घालायचा नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

पाच वाजायला पाच मिनिटं, दहा सेकंद उरले होते. अजूनही उठवलं असतं तर कदाचित भागलं असतं. मी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोकं माझ्या गुडघ्याला नीट टेकवलं आणि झोपेतच म्हणाले, "अजून थोडं."

पाच वाजले. बाईंनी वही मिटली.

मी त्यांच्या केसांत दुसऱ्या बाजूने भांग पाडला.