जोत्यापुढचा माणूस

"हेच ना तुमचे मिस्टर?" घरकुलाच्या तपासणीला आलेल्या नीता मॅडमनी मोबाइल बेबीबाईच्या डोळ्यांपुढे धरला.

फोटोत नुकतंच बांधलेलं जोतं होतं आणि त्यापुढे ताठ उभा राहिलेला एक माणूस. डोक्याला तिच्या नवऱ्याचा, गुलाबसिंगचा पांढरा रुमाल, अंगात गुलाबसिंगचा सदरा. उसाच्या फडात जाताना तो घरी ठेवून गेलेला चांगला सदरा. माणूस मात्र किशन होता, तिचा दीर.

घराच्या प्रत्येक टप्प्याला मालकाला बांधकामापुढे उभं करून फोटो काढायचा, तो वर गेला की पुढचा हप्ता, असा घरकुलाचा नियम. आणि दिवाळी झाली की अर्धा तांडा कोयते घेऊन ऊसतोडीला. मालक आणायचा कुठून? ग्रामपंचायतीतल्या माणिकरावानं तोड काढली होती, "किशन, तूच राह्य उभा. चेहरा कोन पाह्यते?" फडातून फोनवर हे ऐकून गुलाबसिंग खो खो हसला होता. "राहू दे त्याले. मी आलो का दारात उभा राह्यतो."

तो आला नाही. माघात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना त्याचा पाय घसरला. घर त्याच्यामागं पुरं झालं. आता ते बेबीबाईच्या नावावर व्हायचं होतं, त्यासाठीच मॅडम आल्या होत्या. फोटोतला माणूस तो नाही म्हटलं की फाइल खोटी ठरणार, आणि फाइल खोटी ठरली की घर गेलं. एवढं तिला नीट कळत होतं.

"मावशी?"

"हो. तेच."

तिला रडू आलं नाही. रडू येत नाही याचं वाईटही वाटलं नाही. माघापासून हे असंच चाललं होतं.

"आधारवर फारच वेगळे दिसतात."

"आधारवर कोन आपल्यासारखं दिसते, मॅडम?"

मॅडम हसल्या. पोरगी साधी होती, तिचा काही दोष नव्हता. तिनं मृत्यूचा दाखला पाहिला, कागदावर अंगठा घेतला आणि बेबीबाईला दारापुढे उभं केलं. भिंतीवर निळ्या रंगात गुलाबसिंगचं नाव होतं.

"नाव झाकतंय. थोडं बाजूला व्हा."

बेबीबाई बाजूला झाली. फोटो निघाला.

मॅडमची गाडी रिठदच्या रस्त्याला लागली तेव्हा घरामागच्या तुरीतून किशन उठला. फोटोत पाहिलेला माणूस हिंडताना दिसू नये म्हणून माणिकरावानं त्याला सकाळपासून तिथं बसवून ठेवलं होतं. डोक्यात तुरीची पिवळी फुलं अडकली होती.

"झालं काय, भाबी?"

"झालं."

"मले वळखलं काय तिनं?"

"ती कायले वळखन? मीच वळखलं. तुले दाखवून सांगतलं, हा माहा नवरा होता म्हनून."

किशन पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दादाचा घरापुढचा एकबी फोटो नाही ना?"

"कसा राहीन? त्यानं घर कुठी पाह्यलं?"

दिवाळी तोंडावर आली होती, ती झाली की टोळी निघणार आणि नव्या दाराला कुलूप लागणार. या वर्षी बेबीबाईच्या जोडीला किशनच जायचा होता.

तो आपल्या झोपडीकडे गेला आणि सदरा अन् रुमाल घेऊन आला. धुतलेले, घडी घातलेले. आत न येता त्यानं ते उंबऱ्यावर ठेवले.

"याचं आता काम नाही मले," तो म्हणाला आणि मागं न पाहता निघून गेला.

बेबीबाईनं सदरा झटकला. कॉलरला तिनंच घातलेली शिवण होती. चौकटीत सुताराचा एक खिळा राहून गेला होता, पुरुषाच्या खांद्याच्या उंचीवर. तिनं सदरा त्याला अडकवला, खांदे नीट सरळ केले आणि चूल पेटवायला आत गेली.