आशीर्वादाचं मीठ

नुबिया गेल्याची बातमी मला दुपारी कळली. ती गेली होती सकाळीच. फुलांच्या कंपनीत आम्हाला मोबाइल आत नेता येत नाही, दारातल्या कपाटात ठेवावा लागतो. दवाखान्यातून ऑफिसात फोन आला होता. सुपरवायझरने तो घेतला आणि गप्प बसला. फेब्रुवारी होता, व्हॅलेंटाइनचे गुलाब विमानाला जायचे होते आणि खोकी भरायला माणसं कमी होती. गुलाबांची गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"एवेलिओ, जरा बस. तुझ्या बायकोच्या सायकलला ट्रकने उडवलं."

"कधी?"

"सकाळी."

"आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगून काय झालं असतं? ती तर जागच्या जागीच..."

मी हातमोजे काढून त्याच्या तोंडावर फेकले. दुसऱ्या दिवशी त्याने घरी गुलाबांचं पुष्पचक्र पाठवलं. परदेशी न गेलेले, वाकड्या देठांचे गुलाब. मी ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

नुबिया शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. गच्चीवर तिने स्ट्रॉबेरी लावली होती, कंपनीने टाकून दिलेल्या बादल्यांमध्ये. रोपं तिच्या आईच्या अंगणातली, सिबाते गावची. फळ लहान, पण आतपर्यंत लाल. कामावर जायच्या आधी ती पाणी घालायची आणि आमची आठ वर्षांची सालोमे पानं उचलून पिकलेलं फळ शोधायची. नुबिया गेल्यावर पाणी मी घालू लागलो. सालोमेची वेणीही मीच घालायचो, दोन्ही वाईटच.

"बाबा, पानांवर नको, बुडाशी घाल. आणि हळू. तू काय ट्रक धुतोयस?"

आमच्याकडे माणूस पुरल्यावर नऊ रात्री घरात जपमाळ चालते. त्यासाठी नुबियाची थोरली बहीण ओफेलिया सिबातेहून आली. शेजारपाजारचे जमायचे, प्रार्थना करायचे, कॉफी प्यायचे आणि ट्रकवाल्याचं काय झालं ते मला विचारायचे. काहीच झालं नव्हतं. सालोमे खाली थांबायची नाही. गच्चीवर जाऊन बसायची. "रोपांना फुलं आलीयत," म्हणायची, "कुणी आईच्या फोटोला वाहायला तोडतील."

फुलं कुणी तोडली नाहीत.

नवव्या रात्रीनंतर ओफेलियाने फोटोपुढचं सगळं आवरलं आणि मिठाच्या पाण्याने घर पुसून काढलं, नुबियाचा जीव मोकळा होऊन जावा म्हणून. मग ती बस पकडून गेली. पुढच्या आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं ऊन लागलं. मग फुलं काळी पडली. मातीवर पांढरं काहीतरी जमलं होतं. सालोमेने बोट लावून चाटलं.

"बाबा, हे खारट आहे."

मी तिथूनच ओफेलियाला फोन लावला.

"ते पुसायचं पाणी कुठे ओतलंस?"

"मातीत. ते पाणी गटारात ओतत नाहीत, तुला ठाऊक आहे."

"बादल्यांमध्ये ओतलंस?"

"मग कुठे ओतू? तुझ्या घरात सगळीकडे सिमेंट. माती तेवढीच होती."

"ओफेलिया, मीठ होतं त्यात!"

"आशीर्वादाचं होतं. पाद्रीबाबांनी हात ठेवला होता त्यावर."

"रोपाला काय कळतं पाद्रीचा हात? तू स्ट्रॉबेरीच्या गावची ना? नुबियाची रोपं जाळलीस तू!"

"माझी बहीण होती ती. गटारात सोडू तिला?"

"या घरात परत पाय ठेवू नकोस."

ती रडायला लागली. मी फोन बंद केला.

मी सगळ्या बादल्या धुतल्या. मुळं सोडवून गोड्या पाण्यात ठेवली. एकही रोप वाचलं नाही. सालोमे बघत उभी होती. रडली नाही.

"आजीकडे आहेत ना हीच," ती म्हणाली.

आहेत. त्याच अंगणात. पण सासूबाईंना आता चालवत नाही, त्या घराचं दार ओफेलियाच उघडते. मध्यंतरी तिचा निरोप आला: "रोपांना फुटवे आलेत, मी डब्यांत दाबून ठेवलेत, त्यांनी मुळं धरलीत, पोरीला घेऊन ये." मी उत्तर दिलं नाही. मी तिला माफ केलेलं नाही. सुपरवायझरला नाही, ट्रकवाल्यालाही नाही. पण त्या दोघांकडे मला काही मागायला जायचं नाही.

दर रविवारी सालोमे गुळाचं पाणी आणि पाव संपवते, बूट घालते आणि जिन्यावर बसते.

"आज?"

"आज नाही. कपडे धुवायचेत."

"मागच्या रविवारी पण धुतलेस."

"मळतात ना."

काल ती बूट काढता काढता म्हणाली, "मावशीशी भांडण तुझं आहे. माझं नाही."

मी कपडे वाळत घातले. बादल्यांमध्ये नवी माती भरून ठेवली आहे. सिबातेला अजून गेलो नाही.