डब्यावरचा नारळ

नानीबाईचा थोरला पोरगा नवल तापीत बुडाला आणि गावानं निकाल देऊन टाकला: हलगर्जीपणानं गेला. लोकांचं काय जातं बोलायला! भादव्यातलं फुगलेलं पाणी, सहा माणसं पलीकडे सुखरूप उतरवून नवल एकटा परत येत होता. वाहत आलेल्या ओंडक्यानं बोट फुटली, पाणी भरायला लागलं आणि पाणी उपसायचा पंप चाललाच नाही. बादलीनं उपसता उपसता तो बोटीसकट खाली गेला. "मशीनकडं कधी बघितलंच नसेल त्यानं," म्हणून लोक मोकळे झाले.

पूर ओसरल्यावर बोट काढली, तळ सांधला. आता धाकटा भिकन ती चालवणार होता. दुःख केलं म्हणून चूल थोडीच पेटते? त्यानं चोपड्याहून अमृतला बोलावलं. अमृत मोटारी दुरुस्त करायचा. या बोटीची वायरिंग त्याचीच, आणि नवल त्याचा जिवाभावाचा दोस्त.

नानीबाई बोटीला खेटून उभी राहिली. "अमृत, खरं सांगजो. मना नवलनी चूक व्हती का?"

"बघतो नानी," म्हणत त्यानं बॅटरीचा डबा उघडला.

वायर वरून धडधाकट. सोलून पाहिली तर आत तांबं कुठलं? हिरवा भुगा! पंपाची वायर तर हात लावताच तुटली. अमृत चक्रावला. तापीचं पाणी गोडं, ते तांबं असं खात नाही. मग त्याला झाकणाच्या फटीत कुंकवाचा लगदा दिसला. त्यात नारळाच्या शेंडीचे केस आणि खोबऱ्याची कपची.

दर अमावस्येला नानीबाई याच डब्यावर नारळ फोडायची. बोटीचा जीव बॅटरीत, मग नैवेद्यही तिथंच! नारळाचं पाणी फटीतून थेट वायरीच्या जोडावर उतरायचं. वर बॅटरीचा करंट. तांब्याची माती व्हायला कितीसा वेळ लागतो?

आणि अमृतनं हे पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी बॅटरी बदलताना जोड हिरवट, चिकट लागला होता. त्यानं फडक्यानं पुसला, ग्रीस फासलं. बोलणार तेवढ्यात नानीबाईनं हातावर खोबरं ठेवलं. देवाच्या कामात कोण तोंड घालणार? प्रसाद खाऊन गडी गप्प बसला. आता बोला! दोन शब्द खर्चले असते तर नवल आज इथंच काठावर बिडी ओढत बसला असता.

"काय दिसनं रे?" नानीबाईनं विचारलं.

"नवलची चूक नव्हती नानी," अमृत खाली मान घालून म्हणाला. "माझी होती. माझा जोड कच्चा राहिला."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिचे डोळे भरून आले. "मना पोऱ्या चुकना नही," ती म्हणाली, "इतलंच माले आयकनं व्हतं." आणि तिनं अमृतच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारपर्यंत त्यानं सगळ्या वायरी नव्या टाकल्या. बटण दाबताच पंप घुरघुरला. भिकननं हरखून आईच्या हातात नारळ दिला. नानीबाईनं डोळे मिटले, पुटपुटली आणि नारळ डब्यावर उचलला.

पुन्हा गप्प बसायचं? मग पुढची पाळी भिकनची. अमृतनं झटकन तिचं मनगट धरलं.

"इथं नको नानी. काठावरच्या दगडावर फोड."

"काबरं?"

अमृतनं पायाशी पाहिलं. नानीबाईची नजरही खाली गेली. तिथं काढून टाकलेल्या वायरी पडल्या होत्या. हिरव्या भुग्याला कुंकू आणि शेंडीचे केस चिकटलेले. ती वाकली, एक तुकडा उचलून बोटांनी चुरला.

"नवल भी असाच हात धरे," ती हळूच म्हणाली. "म्हने, माय, आठे नको फोडू, आठे वायरी शेतस. मी त्याले म्हनं, देवना काममा आडवा येऊ नको. तो हसना आन हात सोडी दिधा."

अमृतला रडू आवरेना. नानीबाईनं नारळ पदरात घेतला आणि ती वाळूत मटकन बसली. भिकन एकदा तिच्याकडे, एकदा अमृतकडे बघत विचारत राहिला, "काय व्हयनं माय? काय व्हयनं?"