माजिवड्याची फेरी

काळुराम धाकट्या भावाला, गणूला, वेताने मारतो तो प्रेमापोटी, असं सगळं कळवा गाव म्हणत होतं. म्हणणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर वेत कधी बसला नव्हता, म्हणून त्यांचं तोंड चालत होतं.

त्रेपन्न साली दिवाळीच्या तोंडावर गणूचा मुदतीचा ताप उतरला, तेव्हा मिठागरात फावडं उचलण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. टेंभी नाक्यावरच्या अण्णा डॉक्टरांनी त्याला सायकल चालवायला सांगितली. पहिला आठवडा नुसतं खाडीच्या पुलापर्यंत, मग हळूहळू पुढे. दम लागला की उतरायचं, वाऱ्याला बसायचं, मजा वाटेल तेवढंच करायचं. ताप काळजाला लागलाय, हट्ट केलात तर जीव जाईल, असं त्यांनी दोघा भावांना समोर बसवून बजावलं.

काळुरामने मान डोलावली आणि घरी येऊन सगळं धाब्यावर बसवलं. तो तालमीत वाढलेला. तिथे आजचे जोर कालच्यापेक्षा कमी पडले की वस्तादाचा वेत बसायचा, आणि अंग कमवायची दुसरी काही रीत असते हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याने टेंभी नाका ठरवला, पाचव्या दिवशी माजिवडं. गणू पेडल मारी आणि थोरला हातात वेत घेऊन अनवाणी मागे पळे. वेग मंदावला की फटका. गणूची बायको शेवंती एकदा मध्ये पडली, तर तिच्याही मनगटावर वळ उठला.

आठव्या दिवशी माजिवड्याहून परतताना पुलावर गणूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. काळीज छातीत वेडंवाकडं उडत होतं. तो उतरला आणि कठड्याला टेकला. काळुरामने काही विचारलं नाही. एक पाठीवर, दुसरा मानेवर. तिसऱ्या फटक्याने कान फाटला आणि रक्त सदऱ्यावर ओघळलं. आता आपण मरणार, असं गणूला वाटलं, आणि भीतीपेक्षा रागच जास्त आला. त्याने सायकलचा पंप उपसला आणि वेत धरलेल्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वच्छ ऐकला. वेत गळून पडला, तरी त्याने त्याच हातावर आणखी दोनदा हाणलं. एवढा आडदांड काळुराम गुडघ्यांवर बसला आणि विव्हळू लागला.

गणूने सायकल ठाण्याकडे वळवली, भावाला कॅरिअरवर बसवलं आणि डॉक्टरांकडे निघाला. पण ते धूड ओढताना दोन फर्लांगांतच त्याला धाप लागली. तो उतरला, सायकल झाडाला लावली आणि खाली बसला.

"गन्या, चल रे. हात जातोय माझा," काळुराम म्हणाला. मनगट भलतीकडेच वळलं होतं आणि कातडीतून हाड वर आलं होतं.

"मला दम लागलाय. बस."

काळुराम मातीत बसला. मोडका हात पोटाशी धरून तो रडत होता, बोटं काळीनिळी पडत चालली होती. भावाची दया यायला हवी होती. गणूला ती आली नाही, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

बऱ्याच वेळाने थोरल्याने हळूच विचारलं, "धाप उतरली का रे?" आजवर त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

धाप केव्हाच उतरली होती.

"अजून नाय," गणू म्हणाला.